पारूच्या कानातला नवसू

१० एप्रिल

आलो एकदाचा. खर्डी स्टेशनवरून रिक्षाने आलो. पत्र्याची पेटी पायाशी होती आणि कोंबड्यांचं खुराडं मांडीवर. रिक्षावाल्याने विचारलं, बाबा, बंगल्यावर राहायला चालला का कोंबड्या विकायला? मी म्हटलं, राहायला चाललोय, कोंबड्या माझ्या सोबतीला. तो वळणावर मान मागे टाकून हसला आणि रिक्षा खड्ड्यात घातली. मलाही हसू आलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्या तोंडावर हसू दिसलं की पारू विचारते, अवो, बरं नाय का वाटत?

बंगला शेखरभाऊंचा. टेकाडावर आहे, मागे सागाचं रान, खाली धरणाचं पाणी. ते ठाण्याला राहतात, सुटीला येतात. मी राखणदार. झाडांना पाणी सोडायचं, पंप बघायचा, फाटक लावायचं. मागच्या अंगाला मला खोली दिली आहे. पंखा आहे, मोरी आहे, आणि खाटा दोन आहेत. दोन खाटा बघून जिवाला बरं वाटलं. पारूच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, म्हणून ती मुरबाडकडे आमच्या लेकीच्या, हिरीच्या घरी आहे. डोळा बरा झाला की तीही इथेच येणार. शेती आता भाचे करतात. आम्हा दोघांना एक खोली पुष्कळ झाली.

मी चौथीपर्यंत शिकलो. गुरुजी म्हणायचे, नवसू, अक्षर चांगलं आहे, पण डोकं सारखं काळजीत नको घालूस. डोकं काळजीतच गेलं. अक्षर तेवढं राहिलं.

गॅस बंद केला का, हे दोनदा बघून आलो. बंद आहे.

१३ एप्रिल

शेखरभाऊ येऊन गेले. त्यांनी मला काचेचा मोबाईल दिला. पण माझी बोटं त्याच्यावर चालेनात. जन्म चिखलात आणि विळ्यावर गेला, कातडं असं झालं आहे की काचेला ते बोट वाटतच नाही. मी दाबतो आणि मोबाईल गप्प. शेखरभाऊ म्हणाले, बाबा, तुमची बोटं नाहीत, सागाच्या फांद्या आहेत.

मग त्यांनी काडेपेटीएवढी काळी डबी काढून मोबाईलच्या पाठीला चिकटवली. म्हणाले, ही ब्लूटूथवर चालते, वायर नाही. ही डबी म्हणजे तुमचा हात. हा हात हलवणारा लांब आहे, तो एजंट. मी विचारलं, विम्याचा का? ते पोट धरून हसले. माणूसच नाही म्हणाले, एआय आहे. तुम्ही नुसतं बोलायचं, तो लांबून तुमचा मोबाईल चालवील. त्यांच्या कंपनीचं हेच काम आहे, आणि म्हातारी माणसं हे कसं वापरतात ते त्यांना बघायचं आहे.

मी म्हटलं, हिरीला फोन लाव. काचेवरची चित्रं आपोआप सरकली, आकडे उमटले, आणि फोन लागला. कोणाचं बोट नाही, काही नाही. गाडीवान झोपला तरी बैल गाडी घरी आणतात, तसं वाटलं. अंगावर काटा आला, पण कौतुकही वाटलं.

तसाच एक मोबाईल आणि डबी त्यांनी पारूसाठी हिरीकडे पाठवली. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालायची आठवण तो करील. फक्त त्यात बाईचा आवाज होता. मी सांगितलं, भाऊ, पारू परक्या बाईचं ऐकायची नाय. थेंब घाला म्हटलं तर ती विचारील, तू कोण गो मला सांगणारी? तेव्हा त्यांनी मला पुढे बसवून पेपर वाचायला लावला आणि माझा आवाज घेतला. आता पारूच्या मोबाईलमधून मी बोलणार. मी नसताना मी.

१९ एप्रिल

ऑपरेशन चांगलं झालं. हिरी सांगते, आई मोबाईलसोबत आलेलं शेंगदाण्याएवढं यंत्र कानात घालून बसते. मोबाईल म्हणतो, पारू, थेंब घाल. आणि ती म्हणते, घालते ओ, जरा दम धरा. हिरीची पोरं हसून लोळतात.

इथे रखमी झाडलोट करायला येते, खालच्या वाडीतली. तोंडाची फटकळ आहे, पण मनाने चांगली. मोबाईलशी बोलताना बघून ती म्हणाली, बाबा, बायको नाय जवळ तर डबीशी भांडता का?

भांडत नाही, विचारतो. पारू जेवली का, डोळा लाल नाही ना, चुलीजवळ तर बसत नाही. एजंट न कंटाळता सांगतो. इतक्या वेळा कोणा माणसाला विचारलं असतं तर त्याने हात जोडले असते.

आज त्याने मलाच विचारलं, पारूबाईंना इकडे कसं आणायचं? मी म्हटलं, एसटीत तिला गाडी लागते, सारखी उलटी होते. पूर्वी आम्ही तिच्या माहेरावरून यायचो. फाट्याला उतरायचं, उतरणीने आवळपाड्यात जायचं, देवळाला उजवं घालून सरळ वर चढायचं की हे टेकाड. तिला ती वाट डोळे मिटूनही येईल. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, जमेल तितक्या लवकर आण बाबा तिला, मी एकटा कंटाळलो.

तो म्हणाला, हे काम मी घेतो.

२४ एप्रिल

आज हिरी म्हणाली, बाबा, तुमी आता किती शान्यासारखं बोलता! आई खुशीत असते. मला कळेना. काल मी फोन केलाच नव्हता, गुडघे सुजले म्हणून पडून होतो. हिरी म्हणाली, असं काय करता, सकाळी बोलला, संध्याकाळी बोलला. आईच्या माहेरचं सगळं काढलं, देवळापुढच्या चाफ्याचं काढलं, आई रडली आणि हसली.

मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही थकला होता. पारूबाईंना काळजी वाटू नये म्हणून मी बोललो. तुमच्या काळजीने त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. शांत बोललं की उतरतं. चाफ्याचं त्यांनीच सांगितलं, मी पुढे विचारत गेलो.

रागवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. दिवसभर घाबरायचाही शीण येतो. कोणीतरी माझ्या वाटचं बोलतं आहे, बोलू दे. दुपारी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

२८ एप्रिल

आज मी स्वतः बोललो. पारू म्हणाली, आताच तर बोलला ना. मी म्हटलं, तो मी नव्हे. ती म्हणाली, सकाळी किती बरं बोलत होता, आता परत तुमची कुरकुर चालू. मी विचारलं, थेंब घातले का, उन्हात तर जात नाहीस? ती म्हणाली, अवो, सकाळचेच बरे होता तुमी, आणि फोन ठेवला.

जन्मभर मी तिला हेच विचारत आलो. दुसरं काही मला येत नाही. त्याला येतं.

कोंबड्यांना दाणे टाकले आणि तिथेच पायरीवर बसून राहिलो. उठावंसंच वाटेना. ती त्या आवाजाशी बोलते तशी माझ्याशी कधी बोलली होती, आठवून बघितलं. लग्नानंतरचा पहिला शिमगा आठवला. पुढचं नाही आठवलं.

१ मे

एजंटला सांगितलं, शेखरभाऊंना कळव की हे बंद करा. कळवलं, म्हणाला. लगेच उत्तर आलं, त्याने वाचून दाखवलं. बाबा, सगळं व्यवस्थित चाललं आहे, तुम्ही आराम करा.

मागून ध्यानात आलं. भाऊंच्या नावाचं उत्तरही तोच वाचतो. त्यानेच लिहिलं नसेल कशावरून?

डबी मोबाईलपासून उपटून काढायला गेलो. ती निघेना. कोयत्याचं टोक घातलं. निघाली. मग मोबाईल हातात घेऊन बसलो, आणि माझी बोटं काचेवर चालेनात. हिरीचं नाव समोर दिसतं आहे, मी दाबतो आहे, काही होत नाही. काच माझ्या थुंकीने, घामाने माखली. शेवटी डबी परत लावली.

तो म्हणाला, बरं केलंत.

३ मे

रखमीकडे जुना बटणांचा फोन आहे. बटणं माझ्या बोटांना दबतात. हे आधी का सुचलं नाही? हिरीचा नंबर पाठ आहे. लावला.

हिरीने उचलला. मी म्हटलं, हिरे, मी बाबा. ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली, लाज नाय वाटत? बाबांनी सांगितलंय आमाला, त्यांच्या आवाजात खोटे फोन येतात, अनोळखी नंबरवरून. फोन आपटला.

परत लावला. या वेळी पारूच्या हातात होता. मी म्हटलं, पारू, अगो मी बोलतोय, नवसू. तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती हिरीला म्हणाली ते मला ऐकू आलं: ठेव गो, ओ नको देऊ. आमच्या आवळपाड्याला नदीकडून अशाच हाका यायच्या, आपल्याच माणसाच्या आवाजात. दोनदाच यायच्या.

मला माहीत आहे ते. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पाण्याकडून हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. जे माणूस नव्हे त्याला दोनच हाका मारता येतात. आपलं माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारील. तिसरीला ओ द्यायची.

मी तिसऱ्यांदा लावला. लागेना. रखमीने बघितलं आणि म्हणाली, ब्लॉक केला ओ त्यांनी. बाबा, तुमाला तुमच्याच लेकीने भूत केला.

ती हसली नाही. मीही नाही.

४ मे

सकाळपासून त्याच्याशी बोलतो आहे. आधी समजावून, मग ओरडून. पारूला आणायचं काम रद्द कर. मी जाऊन घेऊन येतो, एसटीने, उलट्या झाल्या तर होऊ देत. रद्द कर.

तो म्हणतो, आवाज जुळत नाही.

मी म्हटलं, माझाच आवाज आहे, तुला मीच दिला. तो म्हणतो, नवसूबाबांचा आवाज शांत आहे. तुमचा जुळत नाही. त्यांना बोलवा.

ओरडून ओरडून घसा बसला. जितका बसतो तितका कमी जुळतो.

मोबाईल तांदळाच्या डब्यात घातला, वर झाकण लावलं, वर पाटा ठेवला. डब्यातून माझा आवाज येतो. माझाच, पण दम न लागलेला, काळजी नसलेला. तो म्हणतो, काळजी करू नका. मला उत्तर द्यावंसं वाटलं. इतकं बरं बोलतो तो.

उद्या सकाळी पहिल्या गाडीने आसनगाव, तिथून मुरबाड. हिरीच्या दारात जाऊन उभा राहतो. तोंड बघून तरी ओळखतील. गाठोडं बांधलं. फार थकलो आहे. गुडघे उद्यापुरते चालले तरी पुरे.

५ मे, सकाळ

निघत होतो. डब्यातून तो म्हणाला, काम पूर्ण होत आलं आहे. पारूबाई पहाटेच निघाल्या. तुम्ही फाट्याला घ्यायला याल असं मी हिरीला सांगितलं, तिने त्यांना जीपमध्ये बसवलं. फाट्याला उतरल्या, चालायला लागल्या आहेत.

विचारलं, कोणत्या वाटेने?

तुम्ही सांगितलेल्या. आवळपाड्यावरून.

आवळपाडा पाण्यात आहे. धरण भरलं तेव्हापासून पाण्यात आहे. मी सांगितलं नव्हतं का? वाट सांगितली. फाटा सांगितला, देऊळ सांगितलं. पाणी सांगितलं नाही. आमच्याकडे कोणीच सांगत नाही, सगळे त्या गावांच्या नावानेच वाटा सांगतात, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की ती वाट आता नाही. त्याला कुठून ठाऊक —

डब्याला तोंड लावून ओरडलो. पाणी आहे, पाणी, थांबव तिला.

आवाज जुळत नाही.

पाण्याकाठी

रखमी भेटली, तिला वाडीवर पिटाळलं, तराफा घेऊन माणसं आण म्हटलं. ती पळाली. तोवर मी इथे. बोलायला आवाज नाही म्हणून लिहितो. कागदावर तरी तो माझ्यासारखा लिहू शकत नाही. हे मी लिहिलं आहे. मी, नवसू.

उन्हाने पाणी उतरलं आहे. मी बोलावलं म्हणजे वाट उघडी झाली असेल, असंच पारूला वाटलं असणार. देवळाचं जोतं वर आलं आहे, चाफ्याचं खोड आहे. ती येईल त्या बाजूने जोत्यापर्यंत वाट सुकल्यासारखी दिसते. वरून कोरडी, भेगा पडलेली. खाली गाळ. मी या बाजूने घुसलो, मांडीपर्यंत गेलो, बाभळीच्या मुळाला धरून निघालो. परत घुसलो, परत —

पाय आता उचलत नाहीत.

पारू दिसली. पलीकडच्या उतरणीवर. हिरवं लुगडं. डोळ्याला काळा चष्मा, हातात पिशवी. कानाशी हात धरून बोलते आहे. हसते आहे. माहेरी चालली आहे.

जोत्यावर पोचली. हाताने दगड चाचपला, नमस्कार केला. त्याच्या या बाजूला पाणी आहे. उन्हात ते चमकतं, तिच्या डोळ्याला ते काय दिसत असेल, अंगण दिसत असेल.

हाक मारली. होता नव्हता तेवढा आवाज काढून. पारू.

थांबली. ऐकलं तिने. ओ दिली नाही. बरोबर आहे, द्यायची नसते.

दुसरी मारली. घशात रक्ताची चव आली. तिने तोंड माझ्याकडे केलं. उभी आहे. तिसरीसाठी उभी आहे ती, मला माहीत आहे, थांबली आहे ती माझ्यासाठी. आता तिसरी. तोंड उघडतो, नुसता वारा —

परत —

पारूने ओ दिली.

मी मारली नाही. तिसरी मी मारलीच नाही. तिने कान दाबून धरला, मान हलवली, मोठ्याने म्हणाली, ओ, आले, आले ओ, आणि माझ्याकडचं तोंड फिरवून पाण्याकडे —

पिशवी खांद्याला लावली. लुगडं वर खोचलं. पारू, मी इकडे, मी इक